बेस गिटारचा अ‍ॅम्प पार्टीत सबवूफर म्हणून वापरताना

घरात बेस गिटार वाजवणारं कुणी असलं की वाढदिवस, साखरपुडा, एकतीस डिसेंबर जवळ आला की हा प्रश्न येतोच: "कोपऱ्यातला तो मोठा डबा गाण्यांना लावता येईल का?" हॉलमधल्या दोन छोट्या स्पीकरमधून गाणं तर येतं, पण ढोल वाजतोय की पत्र्याचा डबा, ते कळत नाही. शेजारी बेस गिटारचा आवाज मोठा करणारा, बारा किंवा पंधरा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प नुसता उभा असतो.

लावता येतो. मी गेली अनेक वर्षं बेस वाजवते आणि घरगुती कार्यक्रमांत माझा अ‍ॅम्प कितीतरी वेळा असा वापरला आहे. एकदा त्याचा स्पीकर जाळूनही झाला आहे, ते पुढे सांगते. एक गोष्ट मात्र आधी मनात पक्की करा. या अ‍ॅम्पला काय द्यायचं यापेक्षा त्याला काय द्यायचं नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

हा डबा नेमका किती खाली जातो

चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार, म्हणजे खालची ई, मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर येतो. पाच तारांच्या बेसची खालची बी ३१ हर्ट्झच्या आसपास असते. त्यामुळे हा अ‍ॅम्प ४० हर्ट्झ सहज वाजवत असणार असं वाटतं, पण तसं नसतं. बहुतेक अ‍ॅम्पचा आवाज ६० हर्ट्झच्या खाली उतरायला लागतो. बेसवादकांमध्ये दंतकथा झालेलं अँपेग कंपनीचं आठ स्पीकरांचं मोठं कपाटसुद्धा ५८ हर्ट्झपाशी ३ डेसिबलने आणि ४० पाशी १० डेसिबलने खाली आलेलं असतं. तरी खालची ई भरदार ऐकू येते, कारण तिच्या एक सप्तक वरचा ८२ हर्ट्झचा उपस्वर त्या तारेत जोरकस असतो आणि मूळ स्वर आपला मेंदू भरून काढतो.

खरा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, ३०-४० हर्ट्झपर्यंत दम धरतो. तुमचा अ‍ॅम्प साधारण ५० ते १०० हे एक सप्तक उत्तम वाजवेल. पार्टीच्या गाण्यांत किक ड्रमचा ठोका, ढोलाची घुम आणि बेसची चाल बहुतांशी याच पट्ट्यात असते. छातीवर जाणवतं ते हेच. मिरवणुकीतल्या 'डॉल्बी'सारखी जमीन हादरावी अशी अपेक्षा असेल तर भाड्याने सबवूफर आणा, अ‍ॅम्पवर जबरदस्ती करू नका.

आठ इंची स्पीकर आणि वीस-तीस वॅटचा सरावाचा अ‍ॅम्प या कामाला घेऊच नका. बारा किंवा पंधरा इंची स्पीकर (किंवा दहाचे दोन) आणि शंभर वॅटच्या पुढची ताकद असेल तर पंचवीस-तीस माणसांच्या हॉलला पुरतं.

सिग्नल कुठून घ्यायचा

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिली चूक ब्लूटूथची. मुख्य स्पीकर ब्लूटूथवर आणि अ‍ॅम्प वायरवर, असं कधीही करू नका. ब्लूटूथवरचा आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो. ठोका आधी अ‍ॅम्पमधून येईल आणि गाणं त्याच्या मागून. दोन्ही वायरवरच हवेत.

दुसरी चूक पिनांची. फोनची किंवा लॅपटॉपची हेडफोनची पिन स्टिरिओ असते, अ‍ॅम्पचं तोंड मोनो. स्टिरिओची पिन कन्व्हर्टर लावून थेट घुसवली की उजवा चॅनेल जमिनीला शॉर्ट होतो. डावी-उजवी वायर पिळून एकत्र केली तर दोन्ही आउटपुट एकमेकांशी भांडतात. आणि स्टिरिओ पिन एखाद्या बॅलन्स्ड (दोन तारांमधला फरक तेवढा घेणाऱ्या) इनपुटला लावली तर दोन चॅनेलमधला फरक तेवढा ऐकू येतो. गाण्यात गायकाचा आवाज आणि बेस दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने हवा असलेला बेसच नेमका गायब होतो.

यातून सुटण्याचे तीन मार्ग मी वापरले आहेत.

छोटा मिक्सर असेल तर सगळं सोपं. फोन मिक्सरच्या स्टिरिओ चॅनेलला, मुख्य स्पीकर मिक्सरच्या मेन आउटला, आणि अ‍ॅम्प ऑक्स किंवा एफएक्स सेंडला, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या जादा आउटपुटला. बहुतेक छोट्या मिक्सरमध्ये हा सेंड डावं-उजवं एकत्र करूनच देतो आणि त्याचा नॉब वेगळा असतो, म्हणून खर्ज कमी-जास्त करायला अ‍ॅम्पपर्यंत धावावं लागत नाही. सेंड फेडरच्या, म्हणजे चॅनेलच्या आवाजाच्या दांडीच्या, नंतरचा घ्या. मग गाण्याचा आवाज कमी केला की खर्जही सोबत कमी होतो.

मिक्सर नसेल आणि सोल्डरिंग येत असेल तर हे करा. डाव्या चॅनेलमधून १० किलोओहमचा एक रेझिस्टर, उजव्यामधून तसाच दुसरा, दोघांची मोकळी टोकं एकत्र जोडा, आणि त्या जोडापासून ग्राउंडपर्यंत ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्या जोडातूनच अ‍ॅम्पकडे जाणारी वायर काढा. दोन रेझिस्टर चॅनेल सुरक्षितपणे एकत्र करतात, आणि कपॅसिटर सुमारे ९६ हर्ट्झच्या वरचं हळूहळू कापत जातो. मोनो आणि लो-पास (फक्त खालचं जाऊ देणारा फिल्टर) एकाच वेळी मिळतं. हे सगळं छोट्या पत्र्याच्या डबीत बसवा आणि डबी ग्राउंडला जोडा, नाहीतर गुणगुण येईल. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतं. फक्त ही डबी अ‍ॅम्पच्या पुढच्या, गिटारच्या इनपुटलाच लावा. त्या इनपुटचा अवरोध (इम्पीडन्स) खूप जास्त असतो, म्हणून हिशोब बरोबर येतो. कमी अवरोधाच्या इनपुटला लावली तर कापण्याची रेघ वर सरकते आणि आवाजही पडतो.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात ताबा पूर्ण आपल्या हातात राहतो. विंडोजचा लॅपटॉप आणि इक्वलायझर एपीओ हा मोफत प्रोग्रॅम. त्यात डावं-उजवं अर्धं-अर्धं मिसळून दोन्ही चॅनेलवर तेच गाणं ठेवता येतं. मग डाव्या चॅनेलवर १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याच्या खालचं कापणारा फिल्टर) लावून तो मुख्य स्पीकरांना द्यायचा, आणि उजव्यावर १०० चा लो-पास व त्याच्याच खाली ४० चा हाय-पास लावून तो अ‍ॅम्पला. प्रत्येक फिल्टर दोनदा लिहिला की कापणी आणखी धारदार होते. स्टिरिओपणा जातो, पण नाचणाऱ्या माणसांना तो कुणालाच कळत नाही. लॅपटॉपच्या पिनेतून डावं आणि उजवं वेगळं काढणारी वायर तेवढी लागते.

आणि एक सक्त मनाई. दुसऱ्या कुठल्या अ‍ॅम्प्लिफायरचं स्पीकर आउटपुट या अ‍ॅम्पच्या इनपुटला कधीही लावू नका. स्पीकरला जाणारी ताकद इनपुटला झेपत नाही, अ‍ॅम्प जातो.

अ‍ॅम्पच्या कुठल्या तोंडाला

मागे किंवा पुढे 'ऑक्स इन' असेल तर आधी तेच (वर सांगितलेली रेझिस्टरची डबी मात्र गिटारच्या इनपुटलाच). नसेल तर 'इफेक्ट्स रिटर्न' बघा. त्याने गिटारसाठी बनवलेला पहिला टप्पा, म्हणजे प्रीअ‍ॅम्प वगळला जातो आणि सिग्नल थेट ताकदीच्या भागात जातो. आवाज साफ येतो, मात्र अ‍ॅम्पचे टोनचे नॉब बहुतेक वेळा काम करत नाहीत. म्हणजे कापणी आधीच, मिक्सर किंवा लॅपटॉपवर झालेली असली पाहिजे. दोन्ही नसेल तर गिटारचं इनपुट. तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं तोंड किंवा बटण असेल तर तेच वापरा, गेन (आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब) अगदी खाली ठेवा. गेन वर आणि व्हॉल्यूम खाली ठेवला तर प्रीअ‍ॅम्प फाटतो, आणि तो फाटलेला आवाज कितीही हळू केला तरी फाटलेलाच राहतो.

अ‍ॅम्पमधलं कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, 'शेप', 'काँटूर' अशी बटणं बंद करा. वरच्या आवाजाचा भोंगा वेगळा बंद होत असेल तर तोही बंद. ट्रेबल पूर्ण खाली, मिड बरंच खाली. सात-आठ पट्ट्यांचा इक्वलायझर असेल तर ३०० च्या वरच्या सगळ्या दांड्या तळाला. त्या न कापल्या तर गायकाचा आवाज जमिनीलगतच्या डब्यातून बोदा होऊन येतो आणि सगळं गाणं चिखलात पडतं.

खालचं कापणं, आणि माझा स्पीकर कसा गेला

वरचं कापायचं हे सगळे सांगतात. ४० च्या खालचं कापायचं हे फार कमी लोक सांगतात, आणि स्पीकर जातो तो नेमका तिथे.

तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागे-पुढे जावं लागतं. बऱ्याच अ‍ॅम्पच्या डब्याला हवेचं भोक असतं. त्या भोकाच्या ठरलेल्या स्वरापर्यंत आतली हवा पडद्याला आधार देते, त्याच्याखाली तो आधार सुटतो. मग ३० हर्ट्झचा स्वर आला की पडदा जोरजोरात फडफडतो, पण ऐकू जवळजवळ काहीच येत नाही. ऐकू येत नाही म्हणून आपण नॉब आणखी वर नेतो.

हातून झालं ते असंच. मैत्रिणीच्या घरच्या संगीताला मी माझा बारा इंची अ‍ॅम्प नेला होता. बास नॉब पूर्ण उजवीकडे, कारण कुणीतरी "अजून, अजून" म्हणत होतं आणि मलाही ते नाकारावंसं वाटलं नाही. नव्या धर्तीच्या गाण्यांत सिंथचा खर्ज चार-चार मात्रा अखंड ताणलेला असतो. बेस गिटारचा स्वर छेडला की लगेच उतरायला लागतो, त्यामुळे कॉइलला, म्हणजे पडद्यामागच्या तारेच्या गुंडाळीला, श्वास घ्यायला वेळ मिळतो, इथे तो मिळत नव्हता. पाऊण तासाने डब्याच्या भोकातून जळक्या वार्निशसारखा वास आला. मी जाऊन बंद केला तोवर कॉइल वितळून अडकली होती. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला तो अ‍ॅम्प होता. त्या रात्रीनंतर कापल्याशिवाय मी एकही गाणं लावलेलं नाही.

आकड्यांतही हे बघा. बास नॉबने १२ डेसिबल वाढवलं म्हणजे त्या पट्ट्यात अ‍ॅम्पकडे सोळापट ताकद मागितली. मुळात दहा वॅट लागत असतील तिथे एकशे साठ. शंभर वॅटचा अ‍ॅम्प ते देऊ शकत नाही, तो फाटतो, आणि फाटलेला सिग्नल कॉइल तापवतो. म्हणून बास नॉब मधोमध ठेवा. खर्ज कमी वाटला तर मुख्य स्पीकर थोडे हळू करा.

लॅपटॉप नसेल तर फोनमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझरचं अ‍ॅप टाकून ४० च्या खाली कापता येतं. तेही नसेल तर अ‍ॅम्पच्या इक्वलायझरची सगळ्यांत खालची दांडी मध्यापेक्षा खाली ओढा. हे ओबडधोबड आहे, पण काहीच न करण्यापेक्षा खूप बरं.

खात्री करायची तर जाळीतून टॉर्च मारून पडदा बघा. ठोक्याबरोबर तो थरथरताना दिसला तर ठीक. मागे-पुढे जाताना डोळ्यांनी मोजता येईल इतका हलत असेल आणि आवाज मात्र त्या मानाने नसेल, तर खालचं अजून कापायचं राहिलं आहे.

जागा आणि दिशा

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवा. स्टँड, खुर्ची, टेबल नको. कोपरा किंवा भिंत जवळ असली की खर्ज फुकटात वाढतो, तेवढी ताकद वाचते. हॉलमध्ये मात्र काही ठिकाणी तोच स्वर घुमतो आणि काही ठिकाणी पोकळी पडते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास असं होतं, तीन मीटरच्या खोलीत ५७ च्या. यावर जुनी युक्ती अशी: अ‍ॅम्प थेट नाचायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेकडेने वाकून फिरा. जिथे खर्ज घट्ट आणि सारखा ऐकू येईल तिथे अ‍ॅम्प नेऊन ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, नक्की करा.

गच्चीवर गणित उलटं होतं. भिंती नाहीत, छत नाही, खर्ज चहूकडे पसरून जातो. तिथे अ‍ॅम्प जिन्याच्या खोलीच्या भिंतीला किंवा कठड्याच्या कोपऱ्याला टेकवा आणि लोकांना त्याच बाजूला नाचू द्या.

मुख्य स्पीकर आणि अ‍ॅम्प एकमेकांपासून मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नकोत. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३.४ मीटर असते. अंतर त्याच्या अर्ध्याजवळ गेलं की दोन्हींचा आवाज काही ठिकाणी एकमेकांना खाऊन टाकतो.

आता दिशा, म्हणजे पोलॅरिटी. अ‍ॅम्पचा पडदा पुढे येतो तेव्हाच मुख्य स्पीकरचा मागे जात असेल, तर दोन्ही चालू असून खर्ज कमी वाटतो. ८० ते १०० हर्ट्झचा एकच स्वर लावा (फोनवर टोन जनरेटरची अ‍ॅप असतात), दोन्हींकडून तो हळू आवाजात येऊ द्या आणि नाचायच्या जागी उभे राहा. हाय-पास लावला असेल तर १०० च्या जवळचाच स्वर घ्या, कारण तिथे दोघंही वाजतात. मग एकाला मुख्य स्पीकरच्या मागे लाल-काळी वायर दोन्ही बाजूंना अदलाबदल करायला सांगा, अर्थात त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर बंद करून. लॅपटॉपचा मार्ग घेतला असेल तर एका चॅनेलपुढे उणे चिन्ह टाकलं की झालं. ज्या बाजूने स्वर मोठा वाटेल ती बाजू बरोबर. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा वायर उलटताच स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे पेले वाजायला लागले. आधीचा तासभर आम्ही नॉब पिळत होतो आणि दोष नॉबमध्ये नव्हताच.

आवाज जुळवणं

चालू करताना आधी फोन-लॅपटॉप, मग मिक्सर, मग मुख्य स्पीकर, सगळ्यांत शेवटी अ‍ॅम्प. व्हॉल्यूम शून्यावर. तुमच्या कानात पक्कं बसलेलं एक गाणं लावा, मुख्य स्पीकर पार्टीत असतील तेवढे मोठे करा आणि अ‍ॅम्प हळूहळू वर न्या. "आता डब्यातून येतंय" असं ज्या क्षणी वाटेल, तिथून थोडं मागे या. डोळे मिटून ऐकताना अ‍ॅम्प कुठे ठेवला आहे ते कळू नये, पण तो बंद केला की गाणं एकदम रोडावल्यासारखं वाटावं. मग नॉबवर चिकटपट्टीची खूण करा. रात्री अकराला कुणी तो फिरवला तरी परत कुठे आणायचं ते कळतं.

गुणगुण येत असेल तर सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबते. तरी राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी लावा. अर्थिंगची पिन तोडणं किंवा तिच्यावर टेप गुंडाळणं हा उपाय नाही, त्यात जीव जाऊ शकतो.

शेजार

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र १० ते सकाळी ६ अशी धरतात. खासगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. पण फोनवरच्या मीटरवर विसंबू नका. हे आकडे माणसाच्या कानाला जुळवलेल्या मापात असतात आणि त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरला जातो. मीटर शांत दाखवेल आणि खालच्या मजल्यावर बाळ दचकून उठेल. अ‍ॅम्पखाली जाड रबरी मॅट टाका, त्याने स्लॅबमधून जाणारा हादरा कमी होतो. हवेतून जाणारा होत नाही. मी दुपारीच वर-खाली जाऊन सांगून येते आणि पावणेदहाला अ‍ॅम्प बंद करते, पार्टी पुढे छोट्या स्पीकरांवर चालते.

कार्यक्रम चालू असताना तासाभराने एकदा अ‍ॅम्पच्या मागच्या पत्र्याला हात लावा आणि भोकापाशी नाक नेऊन वास घ्या. पत्रा हात ठेववत नाही इतका तापला असेल किंवा किंचितही जळका वास असेल तर दहा मिनिटं बंद. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्पीकरची वायर जोडलेली नसताना तो चालू करूच नका. बंद करताना आधी अ‍ॅम्प, मग बाकीचं, आणि वायरी त्यानंतरच ओढा.

दुसऱ्या दिवशी बेस जोडा, सगळे नॉब मधोमध, आणि खालची ई हळू छेडून स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐका. मागे खरखर किंवा घासल्यासारखा आवाज नको. जाळी काढता येत असेल तर चारी बोटं पडद्याच्या मधल्या टोपीभोवती समान टेकवून तो अलगद आत दाबा. लोण्यातून जावा तसा तो जाऊन परत आला पाहिजे. कुठे वाळू घासल्यासारखं लागलं तर कॉइलला धक्का बसला आहे. त्याच आठवड्यात स्पीकर दुरुस्तीला न्या. तोवर तो अ‍ॅम्प मोठ्या आवाजात वाजवू नका, कारण घासणारी कॉइल उशिरा नेली तर पूर्ण बदलावी लागते.